गुरुजी कोणत्या घरचे?

आज १८८२ सालची गोष्ट ऐकूया.

त्या वर्षी इंग्रज सरकारने शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग नेमला होता. पुण्याच्या जोतिराव फुल्यांनी आयोगाला लेखी निवेदन दिलं. ते स्वतः शेती केलेले, नगरपालिकेचे सभासद राहिलेले. सावित्रीबाईंच्या साथीने त्यांनी मुलींच्या आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या शाळा काढल्या होत्या. म्हणून त्यांचं म्हणणं अनुभवातून आलेलं होतं.

पहिलं गाऱ्हाणं पैशाचं. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून, पण शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांवर.

दुसरं गाऱ्हाणं शिक्षकांचं. प्राथमिक शाळांतले जवळजवळ सगळे शिक्षक ब्राह्मण होते. त्यांतले थोडेच प्रशिक्षण घेतलेले. पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर. सोवळंओवळं पाळणारे मास्तर गावात मिसळत नाहीत, मग लोकांची गरज त्यांना कशी कळणार? म्हणून जोतिरावांनी मागितलं, की शक्यतो शेतकरी समाजातूनच शिक्षक तयार करा. त्यांना नीट प्रशिक्षण द्या, त्यात शेती आणि आरोग्यही शिकवा. पगार निदान बारा रुपये, मोठ्या गावात पंधरा-वीस रुपये ठेवा.

यात कुणाचा द्वेष नव्हता. १८४८ साली त्यांची मुलींची शाळा भरली ती भिडे यांच्या वाड्यात, आणि ब्राह्मण मित्रांनीही त्यांना साथ दिली होती. मुद्दा साधा होता. पेरणीच्या दिवसांत पोर शाळेत का नाही, हे ज्याच्या घरी पेरणी असते त्याला सांगावं लागत नाही.

आपल्याला जवळ करणारी शाळा मिळाली की लेकरू काय करतं, तेही पाहा. मांग समाजातली मुक्ता साळवे फुल्यांच्या शाळेत शिकली. १८५५ साली तिने महार-मांगांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल तिने त्यात मांडले. हे दुःख तिच्या वस्तीतलं होतं. लिहायचं बळ शाळेने दिलं.

आज आपल्या हाती एक साधन आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि निम्म्या सभासद बाया असाव्या लागतात. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा एवढं विचारा. आमच्या पाड्यावरची, तांड्यावरची, वस्तीवरची भाषा शाळेत कोणाला कळते? कळत नसेल, तर गावातली कोणती बाई मदतीला बसू शकेल?

आणि घरी लेकीलाही विचारा, "बाई होशील का गं शाळेत?" जोतिरावांनी मागितलेला शिक्षक कदाचित तुमच्याच चुलीपाशी अभ्यास करत असेल.