दिवेकरांची कैद : एक तळटीप
१. हाइम सॅम्युएल केहीमकर हे बेने इस्राएल, म्हणजे कोकणात रुजलेल्या मराठीभाषक ज्यू समाजाचे इतिहासकार असून, त्यांचा १८९७ मध्ये लिहिलेला व १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापलेला समाजेतिहास अठराव्या शतकातील लढायांकडे समाजाच्या आठवणींतून पाहतो. कंपनी सरकारच्या फौजेतील सॅम्युएल इझिकेल (समाजी हसाजी) दिवेकर दुसऱ्या म्हैसूर युद्धात (१७८०–८४) कैद झाले आणि, कुराणात ‘बनी इस्राईल’ हा उल्लेख असल्यामुळे, जातीचे नाव ऐकून म्हैसूरच्या टिपू सुलतानाच्या आईने त्यांना जीवदान मिळवून दिले, ही त्यातील कथा परंपरेने आलेली असल्याने पुरावा म्हणून जपूनच वापरावी. मात्र पराभूत, परक्या मुलखातील कैद्याला युद्ध कसे दिसले, हे दरबारी बखरींपेक्षा तीच अधिक जिवंतपणे सांगते. सुटकेनंतर दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात ‘शार हारहमीम’ (हिब्रूत ‘दयेचे द्वार’) हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, बांधले.