अरण्याची बोली आणि दप्तराची भाषा

नोकरीच्या निमित्ताने महाकोशलात आलेल्या मराठी माणसाला हिंदी येत असते. निदान आपणांस ती येते अशी त्याची समजूत असते. जबलपूरच्या एखाद्या लाकडाच्या डेपोत पाऊल टाकले की ही समजूत फार वेळ टिकत नाही. ज्या वृक्षाला तो आजवर ऐन म्हणत आला त्याला येथे साजा म्हणतात. शिवणीची खमेर होते, टेंभुर्णीचा तेंदू होतो, ओंडक्याचा लठ्ठा आणि करवतीचा आरा होतो. सर्वांत मोठी फसगत होते ती सरई आणि सलई या दोन शब्दांत. सरई म्हणजे साल. जड, चिवट, रेल्वेच्या रुळांखाली वर्षानुवर्षे दबून राहणारे लाकूड. सलई म्हणजे खडकाळ टेकड्यांवर वाढणारा, सुगंधी डिंकाचा, मऊ लाकडाचा वृक्ष. अक्षर एकच बदलते; परंतु एकापासून स्लीपर होतात आणि दुसऱ्यापासून वर्तमानपत्राचा कागद.

ही केवळ शब्दार्थाची अडचण असती, तर एखादी वही करून आणि चार महिने कान उघडे ठेवून ती दूर झाली असती. परंतु अरण्यातील शब्दांची गोष्ट निराळी आहे. जंगलातून कोणी काय न्यावे, किती न्यावे आणि कोणाला विचारून न्यावे, याचा निवाडा पुष्कळदा एखाद्या शब्दातच होऊन गेलेला असतो. जबलपूरच्या परिसरात तर असे निवाडे थरांवर थर साचावे तसे साचले आहेत. ते थर उलगडून पाहिले म्हणजे या प्रांताचा इतिहास, आणि त्यातील आपला मराठी भागही, बराचसा ध्यानी येतो.

सर्वांत खालचा थर अरण्यवासीयांचा. साजा हे गोंडांच्या दृष्टीने केवळ इमारती लाकूड नव्हे. बडा देवाचा वास त्या वृक्षात असतो अशी त्यांची श्रद्धा आहे. या थरात वृक्षाचे नाव आणि त्याचा उपयोग वेगळे काढता येत नाहीत. मोहाचे फूल अन्नासाठी, तेंदूचे पान विड्यांसाठी, बांबू टोपल्यांसाठी. लाकडाचे घनफूट मोजण्याची गरज या भाषेला कधी पडली नाही.

त्यावरचा थर महसुलाचा. १८१७ च्या डिसेंबरात इंग्रज फौजेने जबलपूर घेतले, तोवर तेथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे १८६१ मध्ये नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्यप्रांत बनविण्यात आला आणि नागपूर व जबलपूर पुन्हा एका कारभाराखाली आली. १८६० च्या दशकातील जमाबंदीत गावोगावच्या मालगुजारांना मालकी हक्क देण्यात आले. गावकऱ्यांचे रूढ हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदात नोंदले गेले. याच दप्तरी परंपरेत एक शब्द पक्का झाला, तो म्हणजे निस्तार. मूळ शब्द संस्कृत, अर्थ पार पडणे. मराठीत ‘निस्तरणे’ हे क्रियापद आपण आजही वापरतो. मध्यप्रांताच्या दप्तरात मात्र त्याला नेमका अर्थ आला: गावकऱ्याच्या संसाराला जे जंगलातून लागते ते, म्हणजे सरपण, नांगराचे व बैलगाडीचे लाकूड, कुडासाठी काटक्या, गुरांसाठी चारा. मालकी मालगुजाराची, परंतु निस्तार गावाचा, अशी ती व्यवस्था होती.

तिसरा थर फ्रेंच-इंग्रजी. १८६० मध्ये कॅप्टन पिअर्सन यांच्याकडे मध्य भारतातील जंगलांचा कारभार आला. १८६४ मध्ये डिट्रिक ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८६५ मध्ये पहिला वनकायदा झाला आणि त्याच वर्षी होशंगाबादकडील बोरीचे जंगल राखीव करण्यात आले. या घाईचे एक मोठे कारण रेल्वे हे होते. मार्च १८७० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला आणि ईस्ट इंडियन या दोन रेल्वे जबलपुरात एकमेकींना मिळाल्या व मुंबई-कलकत्ता मार्ग सलग झाला. रुळांच्या प्रत्येक मैलाला सतराशे ते दोन हजार स्लीपर लागत, आणि काही वर्षांनी ते बदलावेही लागत. मंडला आणि बालाघाटच्या सालवनांची किंमत सरकारला कळली ती अशा हिशेबाने. पुढे १९०४ मध्ये जबलपुरात तोफगाड्यांचा कारखाना निघाला. त्या काळच्या तोफगाड्यांची चाकेही लाकडाचीच असत.

या थरातील सर्वांत मनोरंजक शब्द म्हणजे कूप. जबलपूरपासून चांद्यापर्यंत जंगलात काम करणारा प्रत्येक मजूर तो वापरतो. ऐकणाऱ्याला वाटते, हा संस्कृत कूप, म्हणजे विहीर. वस्तुतः हा शब्द फ्रेंच आहे आणि तोडणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे सुमारे दोन दशके वनखात्यातील अनेक इंग्रज उमेदवारांना फ्रान्समधील नान्सी येथील वनशाळेत शिक्षणासाठी पाठवीत. तेथील ही परिभाषा त्यांच्याबरोबर सातपुड्यात उतरली. जंगलाचे समजा चाळीस भाग करावयाचे आणि दरवर्षी एकच भाग तोडावयाचा, म्हणजे चाळीस वर्षांनी पहिल्या भागाकडे परत येईतो तेथे नवे जंगल उभे राहते. त्या वार्षिक भागाचे नाव कूप. लिलाव हा शब्दही असाच परदेशी, मूळचा पोर्तुगीज. पुण्यात त्याचा लिलाव झाला आणि जबलपुरात नीलाम.

कूप ही कल्पना शास्त्रशुद्ध होती आणि तिच्यामुळे जंगले सरसकट उजाड होण्यापासून काही प्रमाणात वाचली, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्या शब्दात एक गोष्ट गृहीत होती: जंगल हे लाकडाचे भांडार होय आणि त्याचा धनी सरकार होय. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या कायद्याने हे गृहीत पक्के केले. राखीव जंगलात निस्तार हा हक्क उरला नाही. तो सवलत झाला. हक्क मागता येतो, सवलत काढून घेता येते, हा फरक सरकारी नोकरीतील वाचकांस समजावून सांगावयास नको.

स्वातंत्र्यानंतर या सर्वांवर चौथा थर बसला, तो कोशकारांचा. पंडित रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात डॉ. रघुवीर यांनी नागपुरात प्रशासकीय परिभाषेचे प्रचंड काम हाती घेतले. संस्कृत धातूंवरून हजारो शब्द घडविले गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि मालगुजारांची जंगले सरकारकडे आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि एका खात्याची दोन खाती झाली. कालपर्यंत एकाच नियमावलीवर चालणाऱ्या दोन कचेऱ्यांत आता एकाच पदाला दोन नावे पडली. इकडे वनमंडल, तिकडे वनविभाग. इकडे वनमंडलाधिकारी, तिकडे उपवनसंरक्षक. इकडे आरक्षित वन, तिकडे राखीव वन. वनरक्षकाच्या हद्दीला मध्यप्रदेशाने बीट हे इंग्रजी नाव तसेच राहू दिले, तर महाराष्ट्राने नियतक्षेत्र केले. गंमत अशी की चांद्याकडच्या डेपोत बीट म्हणजे जळाऊ लाकडांची रचलेली थप्पी. तिला जबलपूरकडे चट्टा म्हणतात.

दोन्हीकडच्या कोशांत निस्तार मात्र तसाच राहिला. त्याला कोणी पर्याय घडविला नाही. मध्यप्रदेशाच्या १९५९ च्या भूराजस्व संहितेत तो आहे आणि महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेत निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज या दोहोंची कलमे आहेत. विभक्त झालेल्या भावंडांनी भांडीकुंडी वाटून घ्यावीत आणि देवघर तेवढे सामाईक ठेवावे, तसे हे झाले.

आता कागदाकडे वळू. कारण शब्दाचा हक्काशी असलेला संबंध तेथे फार उघडपणे दिसतो. १९४५ मध्ये बल्लारपूरची गिरणी स्थापन झाली. १९५६ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी नेपानगरच्या कारखान्याचे उद्घाटन केले. वर्तमानपत्री कागद बनविणारा देशातील तो पहिला कारखाना. १९६५ मध्ये शहडोलकडे अमलाई येथे आणखी एक मोठी गिरणी सुरू झाली. नेपानगरात सलईचे लाकूड दगडी चाकांवर वाटून आणि बांबूचे तुकडे रसायनांत शिजवून जो गर काढीत, त्याला येथे लुगदी म्हणतात आणि आपण लगदा म्हणतो. सलईला तोवर लाकूडबाजारात फारशी किंमत नव्हती; कागदाने ती मिळवून दिली. बांबू मात्र तोवर निरुपयोगी नव्हता. मराठी मुलखातील बुरूड आणि इकडचे बसोड पिढ्यान्पिढ्या त्याच्यावरच जगत होते.

१९२७ च्या कायद्याने ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूही घातला होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे. परंतु कायद्यात तो वृक्ष झाल्यामुळे त्याची तोड आणि वाहतूक परवान्यावाचून अपराध ठरली. गिरण्यांना दीर्घ मुदतीच्या करारांनी बांबूची जंगले सवलतीच्या दराने मिळत. सूप विणणाऱ्याला मात्र एकेका बांबूसाठी नाक्यावर हात जोडावे लागत. व्याख्येतील एका शब्दाने गवताचे झाड झाले, आणि ते झाड गरिबाच्या हातातून निसटले.

याचा उलटा प्रवास सुरू झाला तो २००६ च्या वनहक्क कायद्याने. त्या कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले आणि त्याच्यावरील ग्रामसभेचा हक्क मानला. गडचिरोली जिल्ह्यातील लेखा-मेंढा या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला होता. २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक त्या ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. जे पुस्तक पिढ्यान्पिढ्या रेंजरच्या खणात असे, ते गावाकडे आले. २०१७ मध्ये १९२७ च्या कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला आणि जंगलाबाहेर, शेताच्या बांधावर वाढणाऱ्या बांबूला परवान्याची अट उरली नाही. गवत पुन्हा गवत झाले. त्यास नव्वद वर्षे लागली.

जुन्या दप्तरातील शब्द आजही किती जिवंत आहेत, याचे आणखी एक उदाहरण पूर्व विदर्भातील ‘झुडपी जंगल’ हे आहे. महसुली कागदांत ज्या खुरट्या झुडपांच्या जमिनींपुढे हा शेरा होता, त्या सुमारे ८६,००० हेक्टर जमिनी वन होत की नव्हेत, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २२ मे २०२५ रोजी न्यायालयाने त्या वन होत असा निर्णय दिला. कोण्या एका पटवाऱ्याने नकाशापुढे लिहिलेल्या दोन शब्दांवर कित्येक घरे, शाळा आणि कचेऱ्या यांचे भवितव्य टांगलेले होते.

जबलपुरात १९६३ पासून राज्य वनसंशोधन संस्था आणि १९८८ पासून उष्णकटिबंधीय वनसंशोधन संस्था काम करीत आहे. वृक्षांची लॅटिन नावे तेथे बिनचूक मिळतील. परंतु वनात, महसुलात किंवा न्यायालयात काम करणाऱ्या आपल्या मराठी बांधवांपुढे जो अर्ज येतो तो लॅटिनमध्ये नसतो. त्यात साजा असतो, सरई असते, बल्ली असते, आणि बहुधा कोठे तरी निस्तार हा शब्द असतो. तो शब्द केवळ विनवणीचा समजून अर्ज बाजूला ठेवणे सोपे आहे. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवावी: २००६ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात सामूहिक हक्कांचे उदाहरण म्हणून जो शब्द मूळ इंग्रजी मजकुरातही भाषांतर न करता तसाच ठेवला आहे, तो निस्तार हाच होय. मध्यप्रांताच्या गावदप्तरातून निघालेला तो शब्द आज साऱ्या देशाचा कायदा आहे, आणि अर्ज करणाऱ्याने तो हक्क म्हणूनच लिहिलेला असतो.