व्हँ झोन

व्हँ झोन : पूर्व फ्रान्समधील झ्युरा प्रांतात होणारी सोनेरी पिवळ्या रंगाची, शुष्क (गोडी नसलेली) वाइन. ती केवळ सावान्यँ या पांढऱ्या द्राक्षापासून करतात. शातो-शालों, आर्ब्वा, लेत्वाल आणि कोत द्यु झ्युरा या नामांकन क्षेत्रांत तिचे उत्पादन होते. शातो-शालोंचे नाव फक्त याच वाइनला लावता येते.

किण्वन झाल्यावर वाइन ओकच्या पिंपांत भरतात. इतरत्र बाष्पीभवनाने होणारी घट वेळोवेळी भरून काढतात. येथे ती तशीच ठेवतात. रिकाम्या जागेतील हवेमुळे पृष्ठभागावर यीस्टचा पातळ पापुद्रा धरतो आणि वाइनचे अतिऑक्सिडीकरण टळते. सुगीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या डिसेंबरच्या मध्यापर्यंत ती पिंपातच मुरते. नंतर ती ‘क्लाव्हलँ’ या ६२ सेंटिलिटरच्या बसक्या बाटलीत भरतात. एक लिटरपैकी साधारण एवढीच उरते, असे मानतात.

अक्रोड, सफरचंद आणि मसाल्याचा तिचा गंध बराच वेळ रेंगाळतो. त्यातील सोटोलोन हे संयुग मेथीच्या दाण्यांतही असते. म्हणूनच मसालेदार रश्श्यांशी ती उत्तम जुळते. मुरलेले काँते चीज व अक्रोड ही तिची पारंपरिक जोड. साय, गुच्छी अळिंबी आणि याच वाइनमध्ये शिजवलेली ब्रेसची कोंबडी हा या प्रांताचा मानाचा पदार्थ होय. ही वाइन फार थंड न करता, सुमारे १५° से. तापमानाला, काही तास आधी उघडून वाढावी. तरच तिचा गंध पूर्ण खुलतो.