स्किझोफ्रेनिया आणि सिगारेट : मेंदू काय सांगतो?

छिन्नमनस्कता अर्थात स्किझोफ्रेनिया या आजाराच्या रुग्णांमध्ये धूम्रपानाचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळते. होसे द लिऑन व फ्रान्सिस्को दियाझ यांनी २००५ मध्ये २० देशांतील ४२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात धूम्रपान करणाऱ्या रुग्णांचे सरासरी प्रमाण ६२ टक्के होते. ही केवळ रिकामपणाची सवय आहे, की तिचे मूळ आजारी मेंदूतच आहे, या प्रश्नाचा शोध गेली अनेक दशके सुरू आहे.

दोन 'टिक' आणि मेंदूची चाळणी

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात डॉ. रॉबर्ट फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग या संदर्भात महत्त्वाचे मानले जातात. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने 'टिक' असा आवाज दोनदा ऐकवला जातो आणि डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडद्वारे मेंदूचा प्रतिसाद नोंदवला जातो. आवाजानंतर सुमारे ५० मिलिसेकंदांनी उमटणाऱ्या या लहरीला 'पी-५०' म्हणतात. निरोगी मेंदू दुसऱ्या आवाजाकडे बरेचसे दुर्लक्ष करतो. स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांमध्ये मात्र दुसरा प्रतिसादही जवळजवळ पहिल्याइतकाच तीव्र असतो. अनावश्यक आवाज गाळून टाकणारी चाळणीच जणू निकामी झालेली असते.

धूम्रपानानंतर रुग्णांमधील ही चाळणी काही काळ सुधारते, असे याच गटाने १९९३ मध्ये दाखवले. मृत्यूनंतर रुग्णांच्या मेंदूची तपासणी केली असता, निकोटिनला प्रतिसाद देणारे 'अल्फा-७' प्रकारचे रिसेप्टर हिप्पोकॅम्पस या भागात कमी आढळले. १९९७ मध्ये पी-५० मधील दोषाचा संबंध पंधराव्या गुणसूत्रावरील, याच रिसेप्टरचे जनुक असलेल्या भागाशी जोडण्यात आला. रुग्ण सिगारेटमधून नकळत स्वतःवरच उपचार करत असावेत, हा 'स्वयंउपचारा'चा सिद्धांत त्यामुळे बळावला.

सिद्धांताच्या मर्यादा

निकोटिनचा हा परिणाम अल्पकाळच टिकतो. अल्फा-७ रिसेप्टरला चालना देणारी औषधे तयार करण्याचे प्रयत्नही फारसे फळले नाहीत. त्यांपैकी एन्सेनिक्लिन हे औषध मोठ्या चाचण्यांमध्ये अपेक्षित परिणाम दाखवू शकले नाही, हे २०१६ मध्ये स्पष्ट झाले.

२०१५ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, मनोविकृतीचा पहिला झटका आलेल्यांपैकी ५७ टक्के व्यक्ती तेव्हाच धूम्रपान करत होत्या, असे आढळले. रोज धूम्रपान करणाऱ्यांमध्ये या विकारांचा धोकाही अधिक दिसला. धूम्रपानामुळेच आजार होतो, असे यावरून सिद्ध होत नाही; पण सिगारेट केवळ आजाराचा परिणाम आहे, हे गृहीत धरणेही अवघड झाले.

सामाजिक परिस्थितीही निर्णायक ठरते. चेन्नईतील श्रीनिवासन व थारा यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बाह्यरुग्ण विभागातील पुरुष रुग्णांपैकी सुमारे ३८ टक्केच धूम्रपान करत होते. सारे काही जैविक नसते, हेच त्यांच्या निबंधाचे शीर्षकही सांगते. तंबाखू उद्योगाची कागदपत्रे तपासणाऱ्या ज्युडिथ प्रोचास्का व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आणखी एक बाजू उघड केली. स्वयंउपचाराच्या कल्पनेला पूरक ठरेल अशा संशोधनाला या उद्योगाने पैसा पुरवला होता आणि मनोरुग्णालयांतील धूम्रपानबंदीला विरोधही केला होता.

औषधांवर होणारा परिणाम

सिगारेट वा विडीच्या धुरातील काही हायड्रोकार्बन यकृतातील 'सीवायपी१ए२' या विकराची क्रिया वाढवतात. क्लोझापिन व ओलान्झापिन या औषधांचे विघटन प्रामुख्याने हाच विकर करतो. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्या रुग्णाच्या रक्तात त्यांची पातळी कमी राहते आणि अधिक मात्रा द्यावी लागते. उलट, धूम्रपान एकाएकी थांबल्यास काही दिवसांतच पातळी वाढते. अतिगुंगी येऊ शकते. क्लोझापिनच्या बाबतीत झटके येण्याचाही धोका असतो. रुग्ण अचानक इस्पितळात दाखल झाला आणि तेथे धूम्रपानास मनाई असली, तरी हेच घडू शकते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे. त्यामुळे निकोटिनची पट्टी वा च्युइंगगम वापरत धूम्रपान सोडणाऱ्या रुग्णाच्या औषधाची मात्राही नव्याने ठरवावी लागते.

सवय सुटू शकते

'बिचाऱ्याचा तेवढाच विरंगुळा' म्हणून घरचे लोक, आणि कधी कधी डॉक्टरही, या सवयीकडे काणाडोळा करतात. त्याची किंमत मोठी असते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे आयुर्मान सर्वसाधारण व्यक्तींपेक्षा कमी असते आणि हृदयविकार हे त्यांच्या अकाली मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. धूम्रपान या विकारांना थेट हातभार लावते.

२०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ईगल्स' चाचणीत सुमारे आठ हजार जण सहभागी होते. त्यांतील निम्म्यांना मानसिक आजार होता. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन व निकोटिन पट्टी यांमुळे मानसिक दुष्परिणामांत लक्षणीय वाढ झाली नाही आणि मानसिक आजार असलेल्यांनाही धूम्रपान सोडण्यास त्यांचा उपयोग झाला. त्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने व्हॅरेनिक्लिनवरील मानसिक दुष्परिणामांचा ठळक इशारा मागे घेतला.

महाराष्ट्रातील स्वमदत गटांत रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. शुभंकरांनी सिगारेट हिसकावून घेण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणे इष्ट. धूम्रपान सोडण्याचा दिवस ठरला की तो डॉक्टरांना आधी कळवावा आणि औषधाची मात्रा त्यांच्याच सल्ल्याने बदलावी.