शंकरपट, स्टॉक कार आणि धुरकऱ्याचे नाव

विदर्भात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. कापसाचे वेचे संपत आले, ज्वारी खळ्यावर आली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पटांचे दिवस सुरू होतात. काळ्या रानात सरळ दाण आखायची, हलक्या रेंगीला जोडी जुंपायची, झेंडी पडली की सोडायची आणि घड्याळात सेकंद मोजायचे. पटावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ते लेखन बैलाचे आणि बैलाच्या मालकाचे आहे. रेंगीवर बसलेल्या धुरकऱ्याचा इतिहास कोणी लिहिलेला नाही.

माझा बाप सालदार होता. पाडव्याला साल धरायचे, वर्षाची ज्वारी आणि थोडी रोकड ठरायची, आणि मग दिवसरात्र मालकाच्या कोठ्यात. बैलांना सरकी-ढेप घालणारा तोच, वखर हाणणारा तोच, आणि पटाच्या दिवशी रेंगीवर बसणाराही तोच. १९६८-६९ च्या सुमारास त्याने हाकलेली जोडी पटात पहिली आली. पुकारा झाला तो मालकाच्या नावाचा. फेटा मालकाला बांधला. बापाला नवे धोतर मिळाले आणि मांडवाबाहेर जेवण. घरी येऊन तो माझ्या आईला एवढेच म्हणाला, "जोडी मालकाची हाये ना, मंग नाव बी त्याइचंच राहीन." मी तेव्हा लहान होतो. हे वाक्य मला पुढे कितीतरी वर्षे छळत राहिले.

त्या काळी पटाचा बैल वेगळा नव्हता. आठवडाभर वखराला चालणारा बैलच पटात पळे. अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतीची हकीकत वाचताना मला हेच आठवले. तिथे 'स्टॉक' म्हणजे दुकानात विकायला ठेवलेली, रोजच्या वापराची मोटार. दक्षिणेकडील डोंगराळ भागातले गरीब गोरे हातभट्टीची दारू मोटारीतून पळवीत. पोलिसांना चुकवता यावे म्हणून ते मोटारीत फेरफार करीत. या चालकांतले कित्येक पुढे शर्यतीत उतरले. १९४८ साली बिल फ्रान्सने नास्कर ही संस्था काढली. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे साध्या मोटारींची पहिली शर्यत झाली. पहिल्या आलेल्या मोटारीच्या स्प्रिंगा बदललेल्या निघाल्या. ती दारू वाहणारी मोटार होती! बक्षीस दुसऱ्याला गेले. पुढे १९७१ मध्ये सिगारेट कंपनीचा पैसा आला, १९७९ मध्ये डेटोनाची पाचशे मैलांची शर्यत सुरुवातीपासून शेवटपर्यंत दूरदर्शनवर दिसली. आज शर्यतीतली मोटार दुकानातल्या मोटारीशी फक्त चेहऱ्याने मिळतीजुळती असते. आतले सारे शर्यतीसाठीच घडवलेले.

याच अमेरिकेत वेंडेल स्कॉट नावाचा काळा चालक होता. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा. महायुद्धात लष्करात मोटारी दुरुस्त करणारा, स्वतःची गाडी स्वतः जुळवणारा. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिलला तो जिंकला. पण विजेता म्हणून पुकारला गेला बक बेकर हा गोरा. काही तासांनी आकडेमोड चुकल्याचे कबूल झाले, पैसे मिळाले, पण समारंभ आणि चषक त्याच्या वाट्याला आला नाही. १९९० मध्ये तो वारला. नास्करने त्याच्या कुटुंबाच्या हाती चषक दिला तो २०२१ मध्ये, म्हणजे अठ्ठावन्न वर्षांनी. दलित पँथरच्या काळात आपण काळ्यांची कविता वाचली, त्यांच्या चळवळीचे नाव घेतले. काळ्यांच्या श्रमाच्या आणि कौशल्याच्या अशा हकीकतीही वाचायला हव्या होत्या.

स्कॉटजवळ निदान स्वतःची मोटार होती. आमच्याजवळ बैल कुठले? जमीन नाही त्याला बैल नाही. भूमिहीनांचा सत्याग्रह दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली उभारला तो काही उगाच नव्हे.

पटही बदलला. शेतात ट्रॅक्टर आला, कोठे ओस पडले, आणि उरला तो केवळ पळण्यासाठी पाळलेला, लाखांच्या बोलीचा बैल. २०११ मध्ये केंद्राच्या अधिसूचनेने बैलांच्या शर्यतींवर गदा आली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, तीही न्यायालयात अडकली. १६ डिसेंबर २०२१ रोजी परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. बैलाला आर टोचणे, शेपूट पिळणे हे क्रूरच आहे. ते थांबावे असेच मी म्हणेन. माझा बाप आर लावत नसे, जिभेने चुचकारून पळवी. पण या सगळ्या काळात एक बाजू बैलाच्या प्रतिष्ठेविषयी बोलत होती आणि दुसरी बाजू परंपरेविषयी. परंपरा कोणाची, हा प्रश्न दोघांनीही विचारला नाही. ज्यांच्या हातांनी ती चालली, ते सालदार कोणत्याच बाजूला उभे नव्हते.

मागल्या हिवाळ्यात एका पटाला गेलो होतो. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी होती, बैलांची डॉक्टरी तपासणी झाली होती. मोबाईलवर थेट चित्रण चालू होते. नोंदणीच्या टेबलाशी उभा राहून पावती पाहिली. मालकाचे नाव, गाव, बैलांची नावे, भरलेली फी. रेंगीवरून उतरलेल्या एका पोराला विचारले, "तुझं नाव कुठं हाये?" तो हसला. म्हणाला, "काका, आमचं नाव जोडीवाल्याइले माहीत हाये ना." मग त्याने बैलांच्या पाठीवरचा घाम आपल्या दुपट्ट्याने पुसला आणि त्यांना सावलीत घेऊन गेला.