परिपाठाच्या रांगेआधी गोणपाट होतं

घंटा झाली, रांगा लागल्या, सावधान-विश्राम झालं की शाळेत परिपाठ सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष. आपण सगळे त्यातूनच गेलो आहोत. पण मित्रांनो, सगळी मुलं एका रांगेत उभी राहणं ही या देशातल्या शाळेची मूळ रीत नव्हे.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. एकट्यादुकट्यासाठी जुन्या समजुतींना धक्का लावला तर शिक्षणाचंच नुकसान होईल, असं मुंबई सरकारचं म्हणणं. म्हणजे त्या मुलाच्या शिक्षणाची गणती शिक्षणात नव्हतीच!

७ नोव्हेंबर १९०० रोजी नऊ वर्षांच्या भीमरावांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. आज आपण हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. त्या मुलाची सकाळ कशी सुरू होत होती? बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलंय. बसायला वेगळं गोणपाट. ते संध्याकाळी घरी न्यायचं, दुसऱ्या दिवशी परत आणायचं, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. वर्गात कोपऱ्यात एकट्याने बसायचं. तहान लागली तर गुरुजींची परवानगी पुरत नसे. नळ सोडायला शिपाई हवा. शिपाई नाही तर पाणी नाही. इतर मुलांच्या रोजच्या सवयी शिस्त शिकवत होत्या. याच्या सवयी जात शिकवत होत्या, आणि बघणाऱ्या पोरांनाही तेच शिकवत होत्या.

म्हणून परिपाठाला किरकोळ समजू नका. रोज सकाळी, समजायच्या वयाआधी जे अंगात मुरतं ते पुस्तकाने सहज निघत नाही.

प्रार्थनेचंच घ्या. संविधानाच्या कलम २८ नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक उपासनेत सहभागी होण्याची सक्ती करता येत नाही. अज्ञान मुलासाठी पालकाची संमती लागते. तरीही नाशिकच्या एका अनुदानित शाळेतल्या शिक्षकाने प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. हायकोर्टात जावं लागलं. २०१३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. शिक्षकाची ही गत, तर तिसरीतलं पोर काय बोलणार?

दुसरीकडे २००५ साली नागपूर जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रास्ताविकेचं वाचन सुरू झालं. २०१३ मध्ये त्याचं शासकीय परिपत्रक निघालं, आणि २६ जानेवारी २०२० पासून ते पुन्हा बंधनकारक म्हणून जाहीर करावं लागलं. एकदा काढलेला आदेश दुसऱ्यांदा काढावा लागतो, यातच काय ते आलं.

येत्या सोमवारी आपल्या वस्तीतल्या शाळेत परिपाठाच्या वेळी जाऊन उभे राहा. प्रास्ताविका रोज होते की फक्त २६ नोव्हेंबरला? पुढे येऊन ती म्हणतं कोण? आणि परिपाठ संपल्यावर झाडू कुणाच्या हातात दिला जातो, तेही बघून या.