बास मासेमारी, उन्हाळी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील तळी, नद्या आणि धरणांचे जलाशय यांत जून ते सप्टेंबर या उष्ण महिन्यांत बास माशांची गळाने केली जाणारी, मुख्यतः हौशी मासेमारी. ‘बास’ हे इंग्रजी नाव एकमेकांशी फारसे नाते नसलेल्या अनेक माशांना लावले जाते. रायगडातला जिताडा (गोव्यातील चोणक) बाजारात ‘सी बास’ म्हणून विकला जातो, पण तो खाडीतला, वेगळ्या कुळाचा मासा आहे. उपाहारगृहांतला ‘बासा’ तर व्हिएतनामकडचा बिनखवल्यांचा मासा. प्रस्तुत नोंदीतील बास हे उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातले, सेंट्रार्किडी कुळाच्या मायक्रोप्टेरस वंशातले. त्यांत मोठ्या तोंडाचा लार्जमाउथ आणि लहान तोंडाचा स्मॉलमाउथ हे दोन प्रमुख. वंशाचे नाव एका चुकीतून पडले. १८०२ मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांच्या हाती आलेल्या नमुन्याचा पाठीवरचा पर फाटलेला होता. फाटून सुटा झालेला तुकडा त्यांना स्वतंत्र छोटा पर वाटला आणि ‘लहान पराचा’ या अर्थाचे नाव कायम झाले.

उन्हाळा म्हणजे बाससाठी मंदीचा काळ, असे अनेक हौशी मंडळी धरून चालतात. वसंतात अंडी घालण्यासाठी मासा काठालगत येतो, नर घरट्याची राखण करतो आणि तो डोळ्यांना दिसतोही. जूननंतर तो दिसेनासा होतो, म्हणून ‘खात नाही’ असे म्हटले जाते. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. मासा थंड रक्ताचा, त्यामुळे पाणी तापेल तशी त्याची पचनक्रिया वेगावते आणि भूकही वाढते. लार्जमाउथला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस पाणी मानवते; स्मॉलमाउथला त्याहून थोडे गार लागते. फरक पडतो तो जेवणाच्या वेळांत. मासा थोडा वेळ तुटून पडतो आणि उरलेला दिवस सावलीत किंवा खोलात स्वस्थ राहतो.

तो कुठे राहणार, हे पाणी ठरवते. कडक उन्हात खोल जलाशयाचे पाणी थरांत विभागते. वर तापलेले हलके पाणी, तळाशी गार जड पाणी आणि दोहोंच्या मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा पातळ पट्टा, ज्याला थर्मोक्लाइन म्हणतात. हे थर महिनोन्‌महिने एकमेकांत मिसळत नाहीत. तळाच्या पाण्याला हवा लागत नाही. कुजणारे शेवाळ व पाने तिथला प्राणवायू संपवतात. म्हणून ‘ऊन वाढले की सर्वांत खोल जागी गळ टाकावा’ हा सल्ला अर्धाच खरा. सुपीक, गढूळ जलाशयात थर्मोक्लाइनच्या खाली टाकलेले आमिष बहुधा निर्जन पाण्यात लोंबकळत राहते. वरच्या पाण्यालाही मर्यादा आहे. २० अंशांच्या गोड्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसातच. उष्णता आणि प्राणवायू यांच्या या कैचीत मासा थर्मोक्लाइनच्या जरा वर, पाण्याखालच्या उंचवट्यांवर, बुडालेल्या नदीपात्राच्या कडांवर किंवा दाट पाणवनस्पतींच्या सावलीत जागा धरतो.

टेनेसी नदीच्या खोऱ्यात यात एक गमतीचा घटक मिसळतो. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली अथॉरिटीच्या गंटर्सव्हिल, पिकविक, केंटकी या जलाशयांवर वीजनिर्मिती होते. दुपारी घरोघरची वातानुकूलन यंत्रे सुरू झाली की विजेची मागणी चढते, धरणाची जनित्रे फिरतात आणि स्थिर जलाशयात प्रवाह उठतो. प्रवाहाबरोबर शॅड (हिल्साच्या नात्यातले छोटे मासे) वाहत येतात आणि बुडालेल्या पात्राच्या कडेवर बास त्यांच्या वाटेवर रांग धरतात. त्यामुळे तिथले अनुभवी गळवाले हवामानाच्या अंदाजाइतकेच धरणातून पाणी सोडण्याचे वेळापत्रक बघतात. भर दुपारचे तापलेले दोन तास एरवी झोपेचे. इथे तेच कधीकधी दिवसातले सर्वोत्तम ठरतात.

इतरत्र मात्र वेळ साधावी लागते ती पहाटेची, तिन्हीसांजेची किंवा रात्रीची. स्वच्छ पाण्याच्या डेल हॉलो जलाशयात उन्हाळ्यात रात्री मासे गरवण्याची जुनी रीत आहे. अंधारात काळ्या रंगाचे आमिष वापरतात, हे नवख्याला उफराटे वाटते. पण खालून आकाशाकडे पाहणाऱ्या माशाला काळी आकृतीच ठसठशीत दिसते.

आमिषांत उन्हाळ्याचा खरा मानकरी प्लॅस्टिकचा गांडूळ. तो ओहायोतील अक्रन येथे निक क्रीम यांनी १९४९ मध्ये साकारला. गळाचे टोक गांडुळाच्या अंगात लपवता येत असल्याने तो वनस्पतींच्या गुंत्यातूनही अडकल्याविना सरकतो. पृष्ठभागावर बुडबुड आवाज करणारी आमिषे पहाटेसाठी. पोकळ रबरी बेडूक कमळपानांवरून ओढण्यासाठी. खोल पाण्यातली मासेमारी शास्त्रशुद्ध करण्याचे श्रेय मुख्यतः उत्तर कॅरोलिनाच्या बक पेरी यांना जाते. तळाचे चढउतार वाचा, मासा आपोआप सापडेल, हा त्यांचा आग्रह. १९५०च्या दशकाअखेरीस कार्ल लोरान्स यांनी लहान पेटीएवढे सोनार बाजारात आणले, तेव्हा तो तळ होडीत बसून दिसू लागला.

विक्रमांची तारीखवारी ‘मंदीचा काळ’ या समजाला धक्का देते. लार्जमाउथचा जागतिक विक्रम जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने जॉर्जियातील माँटगोमेरी सरोवरात २ जून १९३२ रोजी केला. वजन २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे १०.०९ किलो. मासा वजन करून घरी नेला आणि कुटुंबाने खाल्ला. आर्थिक महामंदीच्या दिवसांत दुसरे काय करणार! त्याच्याशी बरोबरी झाली ती २ जुलै २००९ रोजी, जपानच्या बिवा सरोवरात. मानाबू कुरिता यांचा मासा औंसभराने जड होता, पण नव्या विक्रमाला किमान दोन औंसांचा फरक लागत असल्याने दोघांना सहविक्रमवीर मानले गेले. स्मॉलमाउथचा विक्रमही (११ पौंड १५ औंस) डेल हॉलोतला, ९ जुलै १९५५चा.

स्पर्धात्मक बास मासेमारीचा आरंभही जूनमधलाच: १९६७ साली रे स्कॉट यांनी आर्कान्सातील बीव्हर सरोवरावर पहिली मोठी स्पर्धा भरवली. १९७२ पासून त्यांनी पकडलेले मासे जिवंत सोडण्याची मोहीम चालवली. उन्हाळ्यात ती कसोटीला लागते. तापलेल्या पाण्यात दमलेला मासा सोडताना धडधाकट दिसतो आणि दोन-तीन दिवसांनी मरतो. म्हणून होडीतल्या टाकीत सतत हवा खेळवतात, बर्फाने पाणी थोडे गार करतात, वजन करताना मासा हवेत कमीत कमी वेळ ठेवतात. खोलातून वर ओढलेल्या माशाचा वाताशय फुगतो आणि तो पोट वर करून तरंगतो. जाणकार पोकळ सुई टोचून ती हवा काढतात. अनाडी हाताने मात्र मासा वाचण्याऐवजी जातो.

बिवा सरोवरात नियम उलटा आहे. जपानमध्ये १९२५ साली आणलेला हा मासा आता स्थानिक माशांचा शत्रू गणला जातो. शिगा प्रांताच्या नियमानुसार २००३ पासून तिथे पकडलेला बास पाण्यात परत सोडायला मनाई असून तो टाकण्यासाठी काठावर पेट्या ठेवलेल्या आहेत.